पान आणि पाणी

"उद्या भिंतीवर आलेख दिसणार म्हणजे दिसणार! आणि तोही असा, की मुख्य मॅडम बघतच राहतील!"

बटणताईंनी हे छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा पाणीपुरवठा कार्यालयातल्या एकालाही शंका आली नाही. बटणताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ऑफिसात कोणी खऱ्या नावानं हाक मारली असती, तर कोणी नवीन बाई कामावर आल्यात की काय म्हणून त्यांनीच मागे वळून पाहिलं असतं! टाकीच्या पाण्याची पातळी रोज मोजणं हे त्यांचं काम, आणि आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर प्रोग्राम लिहिणं हा त्यांचा छंद. छंद कसला, वेडच! कॅल्क्युलेटर विटेसारखा जाडजूड, पडदा काडेपेटीएवढा. पण त्या एवढ्याशा पडद्यात बाई तासन् तास हरवायच्या. दोनदा त्याचं पोट फाडून आतल्या तारा बदलल्या होत्या. त्यातला आठवण जपणारा छोटा बटणसेल कधीच मेला होता. म्हणजे मोठे सेल काढले, की सगळे प्रोग्राम साफ! त्यामुळे बाई त्याला तान्ह्या बाळासारखं सांभाळायच्या.

त्यांच्या नवऱ्याचं ऑफिसच्या गल्लीच्या तोंडाशीच केस कापायचं सलून होतं. तो म्हणायचा, "अगं, तू माझा हात शेवटचा कधी धरला होतास, ते त्या मशीनलाच विचार. त्यालाच आठवत असेल!"

पण आता त्या मशीनवरच सगळ्यांचं भवितव्य येऊन ठेपलं होतं. ऑफिसच्या मागच्या जुन्या टाकीत कुठंतरी पाणी मुरतंय, असा मुख्यालयाचा संशय होता. टाकी गळकी निघाली तर ती पाडायची, ऑफिसला कुलूप लावायचं आणि माणसांना चारी दिशांना पाठवून द्यायचं, असं ठरत आलं होतं. टाकी ठणठणीत आहे हे आलेखानं दाखवायचं होतं. आणि नेमका त्याच महिन्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरनं डोळे मिटले!

बाईंनी मग बंद पडलेल्या एका क्लासच्या भंगारातून काचेची पाटी पैदा केली. ती प्रोजेक्टरवर ठेवायची, कॅल्क्युलेटरला जोडायची, की काडेपेटीएवढा पडदा भिंतीएवढा होतो. जोडायची तार मात्र मिळाली नाही. मग काय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाई सोल्डरिंगची डागणी घेऊन बसल्या आणि तार स्वतःच जोडली. काम फक्कड झालं. फक्त वितळलेल्या कथलाचा एक थेंब ओघळून "थांब" या बटणाखाली जाऊन बसला, हे त्यांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्यालयातून मुख्य मॅडम आल्या. मॅडम बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. त्यांची नजर फायलीवर पडली, तर फाइलसुद्धा सरळ बसली असती! त्यांच्या शेजारी ऑफिसचे साहेब. या साहेबांना सगळे पाठीमागे होयबा म्हणत. वरिष्ठांसमोर त्यांच्या तोंडून "नाही" हा शब्द गेल्या वीसेक वर्षांत निघालेला कोणी ऐकला नव्हता.

हॉलचे पडदे ओढले. प्रोजेक्टर घरघरू लागला. बटणताईंनी कॅल्क्युलेटर हातात घेतला. आत त्यांचे दोन लाडके प्रोग्राम एकाखाली एक होते. एकाचं नाव "पाणी", त्यात टाकीचा आलेख. दुसऱ्याचं नाव "पान", तो निव्वळ हौसेचा. हॉलमध्ये अंधार, हाताला घाम, वरून मॅडमची नजर. बाईंनी बटण दाबलं, आणि बोट एक ओळ खाली घसरलं!

भिंतीवर एक काळा ठिपका उमटला.

मग दुसरा, भलतीकडेच. मग तिसरा, त्याहून भलतीकडे. बाईंच्या लक्षात आलं, हे तर "पान" सुरू झालंय! त्यांनी "थांब" दाबलं. बटण हललंच नाही! दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बटण ढिम्म! सेल काढावेत, तर महिन्याभराचे आकडे आणि आजवर लिहिलेलं सगळं एका क्षणात पुसलं जाणार.

"हे ठिपके काय आहेत?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी विचारलं होतं बटणताईंना. पण मॅडमनी विचारलं आणि होयबा गप्प बसले, असं कधी झालंय? त्यांना आलेखातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण "मला माहीत नाही" या वाक्यातही "नाही" येतोच ना! त्यांनी घसा खाकरला.

"गळती, मॅडम!"

"गळती? एवढ्या ठिकाणी?"

"होय, मॅडम!"

"आणि हे वाढताहेत."

"होय, मॅडम! झपाट्यानं!"

"म्हणजे आत्ता, आपण बसलोय तेव्हा, या सगळ्या ठिकाणी पाणी फुटतंय?"

आता होयबांनाही हे जरा जास्तच वाटलं. पण गाडी उतारावर लागली होती. "हो... होय, मॅडम."

"अहो साहेब, ते टाकीचं नाहीच..." बटणताई पुढे झाल्या.

"मध्ये बोलू नका!" होयबांनी डोळे वटारले. "मॅडम बोलताहेत!"

"मग बघत काय बसलात?" मॅडम कडाडल्या. "पाणी बंद करा!"

होयबांनी चावीवाल्या काकांना फोन लावला. चावीवाले काका म्हणजे भागाभागाचं पाणी सोडणारे आणि बंद करणारे गृहस्थ.

"काका, पाणी बंद करा!"

"कुठलं, साहेब?"

होयबांनी भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात आणखी ठिपके पडले होते. "सगळं!"

"सगळं?"

"होय!"

काकांना एवढा मोठा हुकूम आजवर कोणी दिला नव्हता. त्यांनी टाकीची मुख्य चावी अशी आवळली, की सगळ्या वस्तीच्या तोंडचं पाणी पळालं! टाकीत पाणी चढवणारा पंप मात्र चालूच राहिला. त्याच्याबद्दल होयबांना कोणी विचारलं नाही, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.

पहिला फोन बटणताईंच्या नवऱ्याचा. "अगं, नळ कोरडा पडलाय! गिऱ्हाईक खुर्चीत फेसात बसलंय! डोळे उघडता येत नाहीयेत त्याला! मी त्याला काय टॉवेलनं खरवडू?"

"अहो, जरा थांबा ना!"

"मी थांबेन गं, फेस वाळतोय त्याचं काय!"

पाठोपाठ ऑफिसचा फोन घणघणायला लागला, आणि मग फोनचा कंटाळा येऊन माणसंच यायला लागली. धोबीण हातात साबणानं माखलेली चादर घेऊन आली. हॉटेलवाला खरकटं पातेलं घेऊन आला, पुरावा म्हणून! आणि शेवटी सलूनवाला नवरा आपल्या गिऱ्हाइकाला हाताला धरून घेऊन आला. गिऱ्हाइकाचं डोकं म्हणजे कापसाचा ढीग. गिऱ्हाईक चांगलं धिप्पाड होतं आणि दारातूनच गरजत होतं, "कोण आहे इथला मुख्य? त्याला आधी माझ्यासमोर..."

आणि तो फेसवाला थांबला. एक डोळा उघडून भिंतीकडे बघत उभा राहिला.

त्याच्या आधी धोबीणही अशीच थांबली होती. हॉटेलवाल्याचं पातेलं तोंडातल्या शिवीसकट हवेतच राहिलं होतं. कारण भिंतीवर आता नुसते ठिपके नव्हते. विखुरलेल्या ठिपक्यांमधून एक दांडा दिसू लागला होता, किंचित वाकलेला. दांड्याला दोन्ही बाजूंनी फांद्या. प्रत्येक फांदीला पुन्हा तशाच फांद्या, त्यांना आणखी बारीक. जंगलात ओल्या दगडापाशी उगवतं तसं नेच्याचं पान, जमिनीपासून छतापर्यंत! आणि ते वाढत होतं. बुंध्यापासून शेंड्याकडे नव्हे, तर एकाच वेळी सगळीकडून! कुठं एक ठिपका खाली पडे, पुढचा एकदम टोकाला, पुढचा मध्येच एखाद्या देठात. कोणी अदृश्य माणूस मुठीनं काळे तीळ उधळतोय आणि प्रत्येक तीळ आपल्या घरी जाऊन बसतोय, असं वाटत होतं.

धोबिणीच्या चादरीतून पाणी निथळत होतं, तिला भान नव्हतं. फेसवाला हळूच खाली मांडी घालून बसला. मुख्य मॅडम केव्हाच्या खुर्चीतून उठून भिंतीजवळ गेल्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या साडीवरही पानाचा एक तुकडा उमटला होता.

"ही गळती नाही," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की स्वतःशीच बोलल्या असाव्यात.

"होय, मॅडम," होयबा कुजबुजले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं "होय" मनापासूनचं होतं.

"कोणी काढलंय हे चित्र?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बटणताईंनी कॅल्क्युलेटर वर धरला. "कोणीच नाही, मॅडम. चित्र आत नाहीच. आत फक्त चार नियम आहेत, चार ओळींचे. मशीन दर वेळी मनाशी फासा टाकतं, चारांतला एक नियम उचलतं आणि तो सांगेल तिथं ठिपका देतं. पुढचा ठिपका कुठं पडेल, हे मला सांगता येत नाही. मशीनलाही आधी माहीत नसतं."

"मग पान कसं होतं?"

"तेच तर! दर वेळी ठिपके वेगळे पडतात, पण पान हेच होतं. मी शेकडो वेळा बघितलंय. गणित मला समजतं, मॅडम, कागदावर मांडूनही दाखवीन. पण ते उगवायला लागलं, की मी दर वेळी अशीच बघत बसते."

सलूनवाल्यानं बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं तो जेवणाचं ताट वाढून तिची वाट बघत बसायचा, आणि ती कोपऱ्यात त्या मशीनमध्ये डोकं खुपसून असायची. ती काय बघते, हे त्यानं कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

"एवढंसं असतं ते त्यात?" त्यानं हळूच विचारलं.

"नखाएवढं," ती म्हणाली. "तेवढंसुद्धा पुरतं."

त्यानं तिचा हात हातात घेतला. फेसवाला खालून म्हणाला, "जरा बाजूला उभे राहा ना, डावी फांदी दिसत नाहीये."

किती वेळ गेला कोण जाणे. मग मॅडमच्या पायाला काहीतरी गार लागलं. त्यांनी खाली पाहिलं. दारातून हॉलमध्ये पाणी येत होतं!

सगळे धावत मागच्या अंगणात गेले. टाकी काठोकाठ भरून वरून धो धो वाहत होती. वाहणारच! खालची चावी बंद आणि पंप चालू! होयबा मटकन पायरीवर बसले. आता टाकी जाणार, ऑफिस जाणार आणि सगळ्यांत आधी आपण जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

पंप बंद झाला. वरचं वाहणं थांबलं. मॅडम चिखलातून टाकीभोवती फिरल्या. भिंतीला हात लावून पाहिला, सांध्यांवरून बोटं फिरवली, पायथ्याशी ओणव्या झाल्या. ऊन कडक होतं, ओघळ वाळायला वेळ लागला नाही. मॅडम थांबल्या होत्या ते सगळं वाळेपर्यंत. टाकी गळ्यापर्यंत तुडुंब भरलेली, आणि भिंतीला एक ओला डाग नाही!

"ही टाकी गळते असं कोण म्हणालं?" मॅडमनी विचारलं.

होयबा पायरीवरून उठून धोबिणीच्या चादरीआड झाले. गळती गळती म्हणून ओरडलं होतं कोण, हे अख्ख्या वस्तीनं ऐकलं होतं.

"टाकी उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "पाडायचं कारण नाही. आणि आता त्या माणसाच्या डोक्यावर कोणीतरी पाणी घाला!"

बटणताई हॉलमध्ये परतल्या, तेव्हा भिंत पांढरीफटक होती. सेल संपले होते. पान गेलं होतं, पाणीही गेलं होतं, दोन्ही कायमची. बाई तशाच भिंतीसमोर बसून राहिल्या. नवऱ्यानं न सांगता कोपऱ्यावरून नवे सेल आणून त्यांच्यापुढे ठेवले. तो सलूनकडे परत गेला नाही, शेजारी बसला. बाईंनी बटणाखालचा कथलाचा थेंब खरवडून काढला आणि ते चार नियम आठवून एकेक बटण दाबत पुन्हा लिहायला घेतले. या वेळी दोन प्रोग्रामांची नावं एकमेकांपासून चांगली लांब ठेवली, हे सांगायला नकोच!

दुसऱ्या दिवशी होयबा त्यांच्या टेबलापाशी आले. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग खिशातून बेरीज-वजाबाकीचा साधा कॅल्क्युलेटर काढून टेबलावर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, यात येईल का हो ते पान?"

"नाही हो, साहेब. यात नुसते आकडे उमटतात."

"होय, होय," साहेब म्हणाले. पण जागचे हलले नाहीत. कॅल्क्युलेटर थोडा आणखी पुढे सरकवला.

"पूर्ण पान नको हो. निदान थोडंसं गवत?"