धोंड्याचा जलकर

ग्रामपंचायतींच्या तिजोरीबद्दल अख्ख्या पांढुर्ण्यात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही! हे मी म्हणत नाही, माझा प्रबंध म्हणतो. मी इथल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि सत्तेच्या विकेंद्रीकरणावर पीएचडी करतो. माझा सिद्धान्त साधा आहे. वरून कितीही अधिकार द्या, गावात कोणी आपल्याच माणसाकडून कर वसूल करत नाही. आणि महिला सरपंच सहीपुरती असते, कारभार नवराच बघतो.

"झकास!" माझे मार्गदर्शक म्हणाले. "पण एखाद्या गावात जाऊन लोकांना विचारा तरी!"

नेमका अधिक महिना लागला आणि बोरगावपलीकडच्या सासुरवाडीहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. सासूबाई प्रेमलताबाई त्या गावच्या सरपंच. सासरे यशवंतराव सरपंचबाईंचे पती, म्हणजे माझ्या मते खरे सरपंच. जेवण, आहेर आणि संशोधन, सगळं एकाच फेरीत!

"तिथं अभ्यास काढू नका," माझी बायको केतकी म्हणाली. "पुढच्या वर्षी आईची निवडणूक आहे. काही गोंधळ झाला तर आई पडेल."

बायकोचं ऐकणारा माणूस संशोधक कसला!

सकाळीच प्रश्नावली घेऊन निघालो. पहिले भेटले संत्र्याच्या बागेवाले भगवंतराव. मी शास्त्रशुद्ध विचारलं, "काका, समजा, नळाचा जलकर दुप्पट झाला, तर भराल?"

"दुप्पट?" चिमटीतली तंबाखू तशीच राहिली. "नळाले पाणी नाही येऊन राहिलं, अन् दुप्पट?"

"समजा म्हणालो, काका!"

'समजा' त्यांच्या ओट्यावरच राहिलं. 'दुप्पट' माझ्या आधी पुढच्या घरी पोचलं! त्याच्या पुढच्या घरी तर बाईंनी मला पाहताच दार लावलं. पारावर बातमी पक्की झाली होती, की सरपंचबाईंनी वसुलीसाठी जावई आणलाय.

तेवढ्यात गावात दवंडी देणारा कोटवार भिवाजी धावत आला. "जवाईबापू, मुनादी आत्ताच देऊ का संध्याकाळी?"

"कसली मुनादी?"

"जलकराची जी!"

"अजिबात नको! कोणाला एक शब्द सांगू नकोस!" मी घाबरून ओरडलो.

भिवाजीने तेही गावभर सांगितलं.

दुपारी पाटावर बसलो. कपाळी कुंकू, खांद्यावर नवा शर्ट, हातात आहेराचं पाकीट, ताटात पुरणाचे गरम धोंडे आणि वर तुपाची धार. पहिला धोंडा तोंडात घातला आणि फाटकाशी एकच आरडाओरडा!

"आमच्या जलकरावर जवायाचा धोंडा चालू हाय काय?" भगवंतराव गरजले. "नळ कोरडा, अन् इथं तूप वाहून राहिलं!"

धोंडा घशात अडकला. अख्खं गाव अंगणात! यशवंतराव पांढरेफटक पडले. केतकीने माझ्याकडे असं पाहिलं, की अडकलेला धोंडा निमूट खाली उतरला.

"थांबा, मी बोलतो," म्हणत यशवंतराव उठले.

"बसा जी तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "सरपंच मी आहो."

आणि ते बसले! माझ्या डोळ्यांदेखत! त्यांच्याबरोबर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरणही बसलं.

"जलकर वाढला नाही," सासूबाईंनी ओसरीवरून खणखणीत सांगितलं. "जवाईबापू पीएचडी करून राहिले. त्याईले गावातलं काही समजत नाही."

अंगणाने एकमताने मान डोलावली.

"पण जो जलकर हाय, तो तरी कोण भरून राहिलं? मोटार जळली, दुरुस्ती कायच्यातून करू?"

मग भगवंतरावांनी नेम धरला. "तुमच्या घरचा भरला काय, सरपंचबाई?"

सासूबाईंनी यशवंतरावांकडे पाहिलं. यशवंतरावांनी पंख्याकडे पाहिलं. मग त्या तरातरा माझ्याकडे आल्या आणि माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं!

"हा घ्या आमच्या घरचा," गर्दीतल्या पंचायत सचिवांना त्या म्हणाल्या. "फाडा पावती."

"आई, तो आहेर..."

"शर्ट ठेवा तुम्ही."

मी थक्क! गाव थक्क! पाटावरच्या जावयाचा आहेर काढून घेतलेला त्या गावाने कधी ऐकलाही नव्हता. गावात कोणी आपल्याच माणसाकडून कर घेत नाही, असं लिहिणारा विद्वान रिकाम्या हाताने बसला होता.

"अरे बापा!" भगवंतराव पुटपुटले. "जवाई नाही सोडला, आपल्याले काय सोडते!" आणि त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला.

मग रांगच लागली. सासूबाईंनी प्रत्येकाला पावती दिली आणि वर एकेक धोंडा. माझ्या ताटातलासुद्धा! जाताना भगवंतराव म्हणाले, "पुढच्या वर्षीबी तुम्हीच पाहिजे, सरपंचबाई." केतकीचा चेहरा उजळला. मीही हुश्श केलं आणि अंगणातूनच मार्गदर्शकांना फोन लावला.

"सर, माझा सिद्धान्त साफ चुकला! लोक कर भरतात. फक्त आधी जावयाकडून घ्यावा लागतो!"

"वा! मग हाच प्रयोग लोधीखेड्याकडच्या एखाद्या गावात करून बघा."

"करतो ना, सर!" मी उत्साहाच्या भरात ओरडलो. "पण त्यासाठी आधी मला तिथलाही जावई व्हावं लागेल!"

फोन ठेवून वळलो. मागे केतकी उभी होती. तिच्या मागे सरपंचबाई.

माझं संशोधन सध्या एकाच गावापुरतं मर्यादित आहे.