डोमाजीकाकांचा पहिला नंबर

आमच्या वस्तीतल्या पिठाच्या चक्कीवर दळणाचे भाव लिहिलेले नाहीत. भावाच्या काळ्या फळ्यावर चक्कीचे मालक डोमाजीकाका यांनी जुन्या टीव्ही मालिकांची क्रमवारी लिहून ठेवली आहे. एक ते एकवीस. गहू घेऊन आलेला नवखा माणूस फळा वाचतो आणि विचारतो, "काका, 'नागदरीचा पहारेकरी' काय किलो?"

"अकरावा नंबर हाय," काका सांगतात. "शेवटी शेवटी नागीन लय रडे, म्हून खाली आला."

मी चक्कीसमोर राहते, शाळेत शिकवते आणि याद्या करते. वाळवणाची यादी, आहेराच्या साड्यांची यादी, कोणाकडून कोणता डबा परत यायचा आहे त्याची यादी. त्यामुळे काकांच्या फळ्याबद्दल मला आधी आदर वाटला आणि मग राग आला, कारण त्या यादीला नियमच नव्हता. दर रविवारी दुपारी चक्की बंद करून काका ओल्या फडक्याने दोन-चार नावे पुसत. एकदा 'इन्स्पेक्टर त्रिलोचन' सातवरून नवावर घसरला. मी कारण विचारले.

"काल दात दुखत होता जी. दुखऱ्या दातानं आठवला, तं कमजोर वाटला."

ही खोड मालिकांवर थांबत नाही. वस्तीतल्या प्रत्येक लग्नातल्या वांग्याच्या भाजीला नंबर आहे. थोरल्या जावयाला तर काकांनी भर पंगतीत सांगितले, "तुमी तिसऱ्या नंबरचे जावई." जावई एकूण दोन. "पयला, दुसरा नंबर रिकामा ठेवला," काका म्हणाले, "सुधरायले जागा पायजे ना बाप्पा!"

शेवटी मीच त्यांना तक्ता आखून दिला. कथा, अभिनय, संगीत. प्रत्येकी दहा गुण. काकांनी चष्म्यावरचे पीठ पुसून तो नीट वाचला.

"बराबर हाय, मॅडम. पन अँटिन्याचा रकाना कुठं हाय?"

"अँटेनाचा काय संबंध?"

"काहून नाही जी? बसून पायलेली सिरेल आन् अँटिना धरून पायलेली सिरेल एकाच भावात कशी जाईन?"

आमचे खरे भांडण मात्र पहिल्या नंबरावरून होते. बाकी वीस नावे खडूने लिहिलेली, पण वरचे 'कोठी नंबर सत्तावीस' ऑइल पेंटने. वस्तीत एकालाही ही मालिका आठवत नव्हती. काका गोष्ट रंगवून सांगत. शहरात एक कोठी. तिच्या मागे बोडी, आपल्याकडे धानाला पाणी द्यायला लहान तळे असते तशी. कोठीत कधी चोर शिरतात, कधी भुते. सगळे खाली थरथरत बसतात आणि वर कवेलूंच्या छपराच्या आढ्यावर, घोड्यावर बसावे तसा, एक चौकीदार बसलेला असतो. दर वेळी तोच सगळ्यांना वाचवतो. शेवटच्या भागात मालकीण स्वतः अंगणात येऊन म्हणते, "उतरा आता. जेवून घ्या."

"शहरातल्या कोठीमागे बोडी कशी, काका?"

"सिरेल हाय, मॅडम. तिथं काहीबी रायते."

पुरावा नसलेली नोंद मला सहन होत नाही. मी माझ्या कामांच्या यादीत 'काकांची कोठी शोधणे' असे लिहिले आणि दिवाळीच्या सुट्टीत ते काम पुरे केले. इंटरनेटवर तेराच्या तेरा भाग मिळाले. मोबाइल घेऊन मी चक्कीवर धावले. काका आनंदाने उडी मारतील असे वाटले होते. त्यांनी चक्की बंद केली आणि म्हणाले, "राहू द्या जी."

"का?"

"नंबर गेला तं?"

"खरा असेल तर जाणार नाही," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले.

तेव्हा काकांनी सांगितले. "मी पायलीच नाही ते सिरेल. आमच्या जुन्या गावची गोष्ट हाय, तिथं आता गोसीखुर्द धरनाचं पानी हाय. टीव्ही नवा घेतला होता. कोठी दुपारी लागे. धानाच्या रोवन्याचे दिवस, सारं गाव वावरात. घरी मी आन् पार्वता. अँटिना हातानं धरल्याबिगर चित्र थांबे नाही. मंग मी आढ्यावर टांगा टाकून बसो. पानी आला तं डोक्यावर पोतं. पार्वता खालून वरडे, 'दिसून राहिलं, दिसून राहिलं! हालू नका!' आन् जेवाले वाढता वाढता सारी गोष्ट सांगे."

पार्वताकाकूंना जाऊन सहा वर्षे झाली.

आम्ही तीन रविवार ती मालिका पाहिली. मोबाइल वजनकाट्याला टेकवून ठेवला होता. कोठी म्हणजे बारा मजल्यांची सिमेंटची इमारत निघाली. भाडेकरू पाण्याच्या नळावरून भांडत होते. चोर नाहीत, भुते नाहीत, बोडी नाही.

"चौकीदार पुढच्या भागात येत असन," काका दर भागाला म्हणत.

"येत असेल," मी म्हणत होते. तिसऱ्या भागातच माझ्या सारे लक्षात आले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चुकीचे उत्तर देत होते.

तेरावा भाग संपला. काका काट्याकडे बघत राहिले.

"मॅडम, म्हंजे खाली पडद्यावर नुसत्या मुंग्याच होत्या."

"असतील."

"तेराच्या तेरा डाव?"

"बहुतेक."

काका हसायला लागले. इतके हसले, की भुवयांवरचे पीठ झडून शर्टावर पडले. मग चष्मा काढून तो पुसत बसले. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता. मी दळण न घेताच घरी आले.

पुढच्या रविवारी बघते तर वरचा ऑइल पेंट खरवडून काढलेला. 'कोठी नंबर सत्तावीस' खडूने एकोणिसाव्या जागी गेली होती. पहिल्या जागी ओल्या रंगात नवे नाव होते: 'आढ्यावरचा चौकीदार'. आणि त्यापुढे, फळ्यावर पहिल्यांदाच, 'सांगनार : पार्वता'.

"काका, ही मालिका टीव्हीवर लागलीच नाही," मी म्हणाले. "नियमात कशी बसवायची?"

"तुमच्या तक्त्यात अँटिन्याचा रकाना टाका. बसते."

मी घरून तक्ता आणला, पट्टीने चौथा रकाना आखला आणि दहापैकी दहा लिहिले. काकांनी वाचून मान हलवली आणि चक्की सुरू करायला वळले. बटणावर हात ठेवून म्हणाले,

"बरं झालं जी, एक डावबी खाली नाही उतरलो."