नवाब शिट्टीला का येईना?

माझं नाव योगीराज. परभणी जिल्ह्यात माझ्यासारखा गुप्तहेर दुसरा नाही, आणि असलाच तर तो इतका गुप्त आहे की त्याचा पत्ता मलाही लागलेला नाही. उंची मध्यम, विचार उंच. कपाळ रुंद, आणि ते दरवर्षी आणखी रुंद होत चाललंय, कारण आतल्या बुद्धीला जागा कमी पडते. पोटापाण्यासाठी मानवतच्या बसस्टँडजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. सगळं गाव माझ्या काचांतून बघतं, म्हणजेच सगळ्या गावावर माझी नजर आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'चष्मे' आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'गुप्त तपास' असं लिहिलंय. माझी पत्नी सविता म्हणते, गुप्त हाय तर लिवलं कशाला? सविता माझी सहायकही आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी कासाबाई दुकानात आल्या. येलदरीकडच्या मेंढपाळ घरातली ही म्हातारी बाई मानवतला लेकीकडे आली होती. तिनं पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली होती.

"भाऊ, हरवलेलं हुडकून देता का?"

"काय हरवलंय?" मी डोळे बारीक करून विचारलं. डोळे बारीक केले की गिऱ्हाईक खरं बोलतं.

"कुत्र्याचं ध्यान."

मी डोळे पुन्हा मोठे केले. अशी केस आजवर कुणी सोडवली नव्हती. कुणी घेतलीच नव्हती.

हकीकत अशी होती. कासाबाई आणि त्यांचे मालक येडबा यांच्याकडे दोन कुत्री. नवाब हा कुत्रा आणि हरणी ही कुत्री, एकाच वेताची भावंडं. मेंढरं राखण्यात दोघांचा हात, म्हणजे पाय, धरणारं कुणी नव्हतं. कासाबाईंनी हरणीला वळण लावलं, येडबांनी नवाबाला. पण दिवाळीपासून नवाब येडबांचं ऐकेनासा झाला. येडबांनी शिट्टी घातली की वाऱ्यासारखा सुटणारा गडी आता जागचा हलत नव्हता. परवा त्याच्या अशा वागण्यानं मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात घुसली आणि भांडण पार पोलीस पाटलापर्यंत गेलं.

"म्हाताऱ्यानं रागाच्या भरात शब्द दिऊन टाकला," कासाबाई म्हणाल्या. "ज्यांच्या रानात आमची मेंढरं बसलीत ना, ते दिनकरराव ऐतवारी टेम्पो घिऊन यायलेत. नवाबाला न्हेऊन शेतातल्या आखाड्यावर राखनीला साखळीनं बांधणार. रानात हिंडलेलं जनावर हाय वो ते. साखळीला जगंल का?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आन् म्हातारा सोता दोन घास गिळंना. म्हंतो, मी म्हातारा झालो, आता कुत्रं बी मला मालक मानीना."

मी गंभीर झालो. रात्री मोबाईलवर सखोल अभ्यास केला. नर कुत्रा भटक्या वृत्तीचा, हट्टी, वासामागे भरकटणारा. मादी लवकर शहाणी होते, लवकर शिकते, मात्र मनात नसलं की पाठ फिरवते. एवढं वाचून केस माझ्यापुरती सुटली होती. फक्त घटनास्थळी जाऊन ती बाकीच्यांना सांगायची राहिली होती.

"नर असतोच तसला," मी सविताला म्हणालो. "एका जागी बुद्धी ठरत नाही, सांगितलेलं ऐकत नाही."

"हे मोबाईलमदी वाचायची काय गरज होती?" सविता म्हणाली.

रविवारी सविताच्या स्कूटीवर आम्ही देवगाव फाट्याकडे निघालो. स्कूटी ती चालवते. मी मागे बसून निरीक्षण करतो. तिला घोंगडी घ्यायची होती, म्हणून ती आली, असं ती म्हणाली.

फाट्याच्या अलीकडे, दिनकररावांच्या कापूस निघालेल्या रानात मेंढरं बसवली होती. लेंड्यांचं खत होतं म्हणून शेतकरी बोलावून घेतात. लांब त्या टोकाला कासाबाई आणि हरणी मेंढरं वळवत होत्या. या टोकाला बाभळीखाली येडबा बसले होते. डोक्याला लाल फेटा, अंगावर घोंगडी आणि तोंडात लग्नाच्या फोटोत शोभावेत असे पांढरेशुभ्र नवे दात. समोर, हाकेच्या अंतरावर, नवाब. काळाकभिन्न, रुंद छातीचा, येडबांकडे एकटक बघत बसलेला.

"बघताव ना?" येडबा म्हणाले. "दिसभर असाच बघतो माज्याकडं. पिल्लू व्हता तवा ह्या घोंगडीत घिऊन हिंडलोय त्याला. पावसात मी भिजलो, त्याला भिजू दिलं न्हाई. आन् आता येत न्हाई."

"शिट्टी घाला."

येडबांनी तोंडाचा चंबू केला, छाती फुगवली, डोळे मिटले आणि शिट्टी घातली. मला काहीच ऐकू आलं नाही, पण मी फसलो नाही. कुत्र्यांना माणसापेक्षा बारीक आवाज ऐकू येतो, हे मी वाचलं होतं. मानवी कानाला पत्ताही लागू न देता शिट्टी घालणारा हा माणूस पिढीजात कलावंत होता. मी त्यांना मनोमन नमस्कार केला.

नवाब हलला नाही.

"वा! काय शिट्टी आहे!" मी म्हणालो.

येडबांचा चेहरा जरा खुलला. "पैल्यापासून माजी शिट्टी पंचक्रोशीत फेमस हाय."

आता मी माझा पहिला निष्कर्ष मांडला. "मामा, हे प्रेमप्रकरण आहे. नर या वयात कुणाच्या तरी मागे लागतो. याच्या मनात कुणीतरी आहे."

"कोन?"

ते शोधायला मी नवाबाच्या मागावर निघालो. नवाब उठून बांधावर गेला. एका दगडाजवळ त्यानं पाय वर केला. मग दुसऱ्या दगडाजवळ. मग खांबाजवळ. मग झुडपाजवळ. मी वाकून प्रत्येक खुणेची दिशा तपासली. प्रेयसीला ठेवलेले निरोप ते, त्यांचा माग काढत गेलं की ती सापडणारच. शेवटचा निरोप त्यानं माझ्या बुटावर ठेवला आणि परत येऊन त्याच जागी, येडबांकडे तोंड करून बसला.

"सापडली का?" सवितानं विचारलं. ती आणि येडबा तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवत होते.

"पुरावा मिळाला आहे," मी पाय झटकत म्हणालो.

दुसरा निष्कर्ष अधिक खोल होता. बहिणीचा मत्सर! हरणी हुशार, सगळे तिचंच कौतुक करतात, म्हणून भाऊ रुसला. मी कासाबाईंना आणि हरणीला बोलावून घेतलं आणि शास्त्रीय प्रयोग केला. दोन्ही कुत्र्यांना समोर उभं केलं, हातात भाकरीचा तुकडा घेतला आणि व्हिडिओतल्या माणसासारखा करारी आवाज काढला. "बस!"

हरणी बसली. कासाबाई बसल्या. येडबा बसलेलेच होते. नवाब उभा राहिला.

"बघा," मी म्हणालो. "स्त्रीजात किती लवकर शिकते!"

"आवो, मी दमले म्हनून बसले," कासाबाई म्हणाल्या. तेवढ्यात हरणीनं माझ्या हातातली भाकरी काढून घेतली आणि पाठ फिरवून निघून गेली. हेही मोबाईलवर लिहिल्याप्रमाणेच झालं. माझ्या अभ्यासाचं मलाच कौतुक वाटलं.

मग मी अदलाबदल करून पाहिली. कासाबाईंनी "यं गं, यं गं बाय" अशी हाक मारली. हरणी आली, नवाब आला नाही. येडबांनी शिट्टी घातली. नवाब आला नाही, हरणीही आली नाही.

"म्हणजे मादी बाईचं ऐकते आणि नर पुरुषाचं ऐकतो," मी जाहीर केलं.

"पन ऐकत न्हाई म्हनून तर तुमाला बलिवलं ना," कासाबाई म्हणाल्या.

"तोच तर गुंता आहे," मी म्हणालो.

"गडीमानूसच तसला," कासाबाई मालकांकडे न बघता म्हणाल्या. "कुत्र्याचा असू दे का मानसाचा. माज्या हरणीला कवा सांगावं लागलं का?"

"कासे, तुजी हरणी, तुजी हरणी! दिवाळीपसून निस्तं हेच चालू हाय," येडबा उसळले. "मी शिकिवलंय नवाबाला. मी! लांडग्याच्या तोंडातून कोकरू सोडिवलंय त्यानं. तवा व्हती का तुजी हरणी?" आणि मग एकदम आवाज उतरला. "जाऊ दे. त्याचं काय चुकलं न्हाई. माजंच कायतरी संपलं."

माझा चष्मा एकाएकी धूसर झाला. गुप्तहेराला असं होऊन चालत नाही, म्हणून मी चष्मा पुसला.

नेमका तेव्हाच रस्त्यावर टेम्पो थांबला. दिनकरराव उतरले, पाठोपाठ ड्रायव्हर हातात साखळी घेऊन. साखळी पाहिली आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. तिसरा निष्कर्ष! या सगळ्यात फायदा कुणाचा? दिनकररावांचा! फुकटात असा जातिवंत कुत्रा!

मी पुढे होऊन बोट रोखलं. "दिनकरराव, नवाबाला मटणाची हाडं घालून तुम्ही फितवलंत! कबूल करा!"

दिनकररावांनी शर्टाची कॉलर बाजूला केली. गळ्यात तुळशीची माळ होती. "आमच्या घरी अंडं सुदिक येत न्हाई. येडबा, कोन हाय हा मानूस?"

"चष्मेवाले हायत," येडबा म्हणाले.

"आन् मी कवा मागितलं कुत्रं? तूच म्हन्लास, घिऊन जा, माज्या डोळ्यांसमोर नको. म्हनून टेम्पो आनला. तुजं मन नसंल तर मी चाललो."

येडबा उठले. "न्हाई. शब्द म्हंजी शब्द. फकस्त एक डाव बलिवतो. आला तर आला."

सगळ्यांच्या नजरा नवाबाकडे वळल्या. हरणीसुद्धा मान वर करून बघत राहिली. येडबा चार पावलं पुढे गेले. नवाब कान टवकारून त्यांच्याकडे बघत होता. येडबांनी चंबू केला, छाती फुगवली आणि जीव ओतून शिट्टी घातली.

नवाब हलला नाही.

येडबांनी खाली बघत ड्रायव्हरला हातानं खूण केली. साखळी खळखळली.

"मामा, चहा निवला की आता," मागून सविता म्हणाली. "किती फुंकाल?"

"चहा?" येडबा वळले. "शिट्टी घातली मी."

"कवा?"

"आत्ता!"

"बया! मला वाटलं, तुमी चहा फुंकायलाव. सकाळपसून तसंच वाटायलंय मला."

"माज्या कानात तर खणखणीत वाजायली!"

"आमाला कुनालाच न्हाई वाजली," ड्रायव्हर म्हणाला. येडबा आणि सविता माझ्याकडे बघू लागले, कारण सकाळी शिट्टीला दाद देणारा मी एकटाच होतो. मी आभाळाकडे बघितलं.

कासाबाई उठून मालकांजवळ गेल्या. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आवो, दात!"

"काय दात?"

"दिवाळीच्या येळंला शिबिरात बशिवलेले दात वो! तुमची शिट्टी म्होरल्या फटीतून निघायची. फट बुजली न्हवं का! मी मेली त्या टोकाला, तुमी ह्या टोकाला, आन् आज जवळ व्हते तर मलाबी वाटलं चहाच फुंकायलाव. मला तरी कसं कळावं?"

येडबांनी पाठ वळवली, तोंडात बोटं घालून दात काढले, आणि जी शिट्टी घातली, तिनं बाभळीवरचे होले उडाले, मेंढरांनी माना वर केल्या आणि दिनकररावांनी कानांवर हात ठेवले.

नवाब सुटला. मध्ये बांध होता, तो त्यानं पाहिलाच नाही. येऊन असा धडकला की येडबा फेट्यासकट मातीत आडवे झाले. तो त्यांचं तोंड चाटत होता, कुईकुई करत होता, गोल गोल फिरून पुन्हा अंगावर पडत होता. येडबांना हसू येत होतं की रडू, दात नसल्यामुळे ते नीट कळत नव्हतं.

"दिवाळीपसून बसलंय माजं लेकरू," ते म्हणत होते. "दिवाळीपसून वाट बघायलंय."

कासाबाईंनी फेटा झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवला. "चला, भाकर खा आता. हरबऱ्याची भाजी केलीय. दात लावून खा."

दिनकररावांनी साखळी टेम्पोत टाकली आणि चहा मागितला. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की माझा चौथा निष्कर्ष दातांचाच असणार होता. कासाबाईंनी मोठ्या मनानं मान डोलावली आणि सविताला घोंगडीबरोबर एक लोकरीचं आसनही दिलं. मला काही दिलं नाही. येडबांनी मात्र चष्म्याला येईन म्हणून सांगितलं.

परत येताना सेलूत सविता शेंगदाण्याचे लाडू घ्यायला थांबली. रस्त्यापलीकडे एका हॉटेलसमोर गर्दी जमली होती. गर्दी म्हणजे प्रकरण. सविताला न सांगता मी रस्ता ओलांडला, गर्दीत शिरलो आणि डोळे बारीक केले. एका माणसाचा मोबाईल उकळत्या तेलाच्या कढईत पडला होता. घातपाताचा संशय घ्यायला भरपूर वाव होता. मी हॉटेलवाल्याला पहिला प्रश्न विचारणार, तोच मागून शिट्टी आली. लांब, धारदार, शेवटाला वर जाणारी. सगळी गर्दी मागे वळली. पलीकडे स्कूटीजवळ सविता उभी होती, दोन बोटं ओठांत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला ही विद्या येते याचा मला पत्ता नव्हता.

का ते सांगता येणार नाही, पण मी तपास अर्ध्यावर टाकला, रस्ता ओलांडला आणि मुकाट्यानं मागच्या सीटवर बसलो. सवितानं पिशवीत हात घातला, लाडवाचा एक तुकडा मोडला आणि माझ्या हातावर ठेवला.