मागच्या सीटवर वजन नको!

"मागचे स्प्रिंगचे पाटे आणि शॉकअप बदलायचे म्हणजे काय हो, पायातल्या चपला बदलण्याइतकं सोपं! मला कुणाच्या टेकूची गरज नाही!"

स्पॅनररावांनी हे साडूभाऊंना फोनवर ऐकवलं, तेव्हा गाडीबाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पान्यांचा चकचकीत संच आणला, त्याच दिवशी गल्लीनं त्यांना हे नाव दिलं. गाडी सासऱ्यांची. लांबलचक, गोल दिव्यांची, वयानं जावयाच्या बरोबरीची. सासऱ्यांमागे ती यांच्याकडे आली आणि बायकोचं तिच्यात बसणं बंद झालं!

कारण ठरलेलं. "अगं, मागचे पाटे थकलेत. मागच्या सीटवर वजन नको."

"मग पुढे बसते."

"पुढे माझी हत्यारं असतात."

बायको लहानपणी याच गाडीच्या मागच्या सीटवर, खिडकीला नाक लावून वाढलेली. पण स्पॅनररावांचा हिशेब वेगळा. माणूस बसला की सीटला सुरकुती, काचेवर बोटं आणि खाली चपलांची माती. जमेला काहीच नाही! जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला ते दरवर्षी एकटेच जात. यंदा तर पहिल्या बक्षिसावर डोळा ठेवूनच नवे पाटे मागवले होते.

प्रदर्शनाच्या सकाळी बायको पर्स खांद्याला लावून दारात उभी. "आता पाटे नवे झाले. येऊ ना मी?"

"आज नको गं. नवे आहेत, जरा रुळू देत."

जुने थकले म्हणून नाही, नवे रुळले नाहीत म्हणून नाही! बायकोनं पर्स खुंटीला अडकवली आणि भाजी चिरायला घेतली.

स्पॅनररावांनी ऐटीत गाडी मागे घेतली. डिकी गॅरेजबाहेर आली आणि टप शटरच्या चौकटीला घासला. खर्रर्र!

पूर्वी ही गाडी चौकटीखालून बोटभर फटीनं सुटायची. नव्या पाट्यांनी तिचं मागचं अंग असं उचललं होतं, की पलंगाखाली गेलेला चेंडू शोधणारं पोरच जणू! पाटेवाल्याला फोन लावला, तर तो निवांत. "ताठच राहणार साहेब! महिनाभर वापरलेत की बसतील. तोवर मागे वजन टाका."

डिकीत कुंड्या गेल्या. रद्दीचे गठ्ठे गेले. अशक्त म्हणून काढून टाकलेले जुने पाटेही मदतीला गेले! गाडी नखभर खाली आली आणि तिथेच रुसली. प्रदर्शन दहाला सुरू होणार होतं. स्पॅनररावांची नजर रिकाम्या मागच्या सीटवर गेली, आणि ते लगबगीनं स्वयंपाकघरात शिरले.

"अगं, चल! म्हटलं, तुझ्याशिवाय काय मजा?"

सुरी थांबली. "खरंच?"

"खरंच! ताईंनाही बोलाव. साडूभाऊंनाही!"

"भावजींना? आणि तुम्ही बोलावताय?" बायकोनं डोळे बारीक केले. "मग आमच्या धाकट्या बहिणीलाही सांगते."

"धाकटी नको!"

"का?"

"म्हणजे... ती फार बारीक आहे गं."

बायको सुरी ठेवून थेट गॅरेजमध्ये गेली. टपावरचा ओरखडा पाहिला. डिकीत डोकावली.

"म्हणजे आम्ही कुंड्या तर!"

"तसं नाही गं," स्पॅनरराव काकुळतीला आले. "कुंड्या पुरल्या नाहीत."

बायकोनं आत जाऊन खुंटीवरची पर्स घेतली. "येते. पण खिडकीशी मी बसणार." आणि फोन लावला, "ताई, लगेच निघा. हो, भावजींना भरपेट नाश्ता घालूनच आण!"

ताई आल्या. मागून साडूभाऊ आले, सावकाश, कपाटासारखे. "काय हो, टेकू नको होता ना?" असं म्हणत त्यांनी सीटवर अंग टाकलं. गाडीनं उसासा सोडला आणि चौकटीखालून अलगद बाहेर आली!

हिशेबानं वजनाचं काम इथे संपलं होतं. "उतरा" म्हणायला स्पॅनररावांनी तोंडही उघडलं. तेवढ्यात आरशात बायको दिसली. खिडकीला नाक लावून बसलेली. काचेवर वाफेचा गोल उमटला होता. त्यांचा हात फडक्याकडे गेला, घुटमळला आणि गिअरवर आला.

ताईंच्या आग्रहानं तळ्याला दोन फेऱ्या झाल्या. प्रदर्शनात पोचेपर्यंत बक्षिसं वाटून झाली होती. परतताना ताई-साडूभाऊंना त्यांच्या दारात सोडलं, आणि आपल्या शटरसमोर येऊन स्पॅनररावांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आता आत कशी जायची?"

बायको खाली उतरली. मागच्या चाकाशी बसली, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि केसातली पिन दाबली. फुस्सऽऽ! मग दुसरं चाक. गाडी मुकाट्यानं खाली बसली.

"बाबांचं गॅरेजही असंच बुटकं होतं. थोडी हवा सोडायची, आत गेलं की पंपानं भरायची."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर मला नेलं असतंत?"

स्पॅनररावांनी गाडी आत घेतली आणि पंप मारायला घेतला.

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले, "धाकटीलाही बोलाव."

"ती फार बारीक आहे हो!"

"असू दे," धापा टाकत ते म्हणाले. "हवा सोडायला तू आहेसच."