दाढ बधिर, माइक चालू

मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत माझा आवाज ऐकला नाही असा माणूस चामोर्शी तालुक्यात सापडला, तर त्याला खुशाल बहिरा समजा! साउंड सर्व्हिस माझी, भोंगे माझे आणि हरवलेल्यांना पुकारणारा गळाही माझाच. "मुश्ताकभाऊनं पुकारलं का न हरवलेलेही येतेत," असं मनसारामभाऊ म्हणतात. मनसारामभाऊ म्हणजे वैनगंगेवरचे जुने नावाडी आणि जत्रेतल्या मदत केंद्राचे प्रमुख. त्यांना खोटं बोलायची सवय नाही.

तर यंदा शिवरात्रीच्या तोंडावर माझी खालची डावी दाढ दुखायला लागली. थंड पाणी लागलं की कानापर्यंत करंट, गरम चहा लागला की थेट टाळूपर्यंत! खुर्शीदा, माझी बायको, म्हणाली, "निशातकडे जाऊन या न." निशात तिची धाकटी बहीण, गडचिरोलीत दातांची डॉक्टर आहे. पण मेहुणीसमोर तोंड वासून पडायचं? जावयाची काही इज्जत असते की नाही?

मी घरचे उपाय सुरू केले. लवंग झाली, तुरटी झाली, कडूनिंबाची काडी झाली. एका गिऱ्हाइकानं मोहाच्या दारूची गुळणी सांगितली. ती त्यानंच करून दाखवली, आणि गिळूनही दाखवली! एवढे सगळे वैद्य जमल्यावर दाढेची काय बिशाद? एका सकाळी दुखणं गायब! थंड लागेना, गरम लागेना. मी सगळ्या मोहल्ल्यात लवंगेवर व्याख्यानं दिली. निशातला फोन करून सांगितलं, "तुझं दुकान बंद कर आता!"

शिवरात्र दणक्यात पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं, तर डाव्या गालावर संत्रं उगवलेलं! खुर्शीदानं नुसती स्कुटी काढली.

निशातनं दाढेवर टकटक केली, फोटो काढला आणि म्हणाली, "दुल्हेभाई, मेली हो ही दाढ."

"अशी कशी मेली? दुखणं तर थांबलं होतं!"

"तुमच्या भोंग्यातून आवाज यायचा बंद झाला, तर तो सुधरला म्हणता काय?"

आमच्या धंद्यातलं उदाहरण देऊन आमचंच तोंड बंद करायचं, ही या घराण्याची जुनी खोड आहे.

"कीड खाली खाली जाऊन नसेपर्यंत पोचली," ती सांगत होती. "नस जिवंत होती तोवर बोंबलत होती. मग सडून मेली, म्हणून सारं शांत. तुम्हाले वाटलं लवंगेनं बरं झालं! घाण मुळाच्या टोकाशी साचली, पू झाला, अन् गाल फुगला."

"मग काढून टाक न दाढ!"

"चांगली मजबूत दाढ काढायची काऊन? आतल्या बारीक नळ्या साफ करते, औषध भरते. पुढच्या खेपेला पक्कं भरून वर टोपी बसवू. यालेच रूट कॅनल म्हणतात."

कॅनल म्हटल्यावर मला शेतातला कालवा आठवला, आणि हे काम आपल्या हयातीत पुरं होईल का, अशी धास्ती वाटली. पण खरं सांगतो, सुई टोचल्यावर काही दुखलं नाही. फक्त अर्धी जीभ आणि अर्धा ओठ कुठेतरी निघून गेला. हात लावला तर शेजाऱ्याचा ओठ चाचपल्यासारखं वाटे!

"हे बधिरपण जाईपर्यंत काही खाऊ नका," निशात म्हणाली, "अन् माइकजवळ तर जाऊच नका."

"माझा आवाज गळ्यातून येतो, ओठातून नाही," मी रुबाबात म्हणालो. तिला काय ऐकू गेलं कोण जाणे, ती खुर्ची धरून हसत सुटली.

जत्रा अजून भरलेलीच होती, मी थेट तिथे गेलो. मदत केंद्रावर एक नवी नवरी डोळे पुसत बसली होती. दिव्यानी तिचं नाव, सासर नागभीडकडचं, अंगानं अगरबत्तीएवढी. नवरा गर्दीत हरवला होता, तिचा फोन त्याच्याच खिशात, आणि एवढ्या गर्दीत रेंज गायब! स्वतः पुकारायला सांगितलं, तर भोंग्यावर नवऱ्याचं नाव घ्यायची लाज. तिनं मनसारामभाऊंच्या कानात सांगितलं आणि त्यांनी माझ्या. पवन!

एवढंसं काम! मी घसा साफ केला, माइक हातात घेतला आणि पुकारलं. आता 'प' म्हणायला दोन ओठ लागतात, आणि माझा खालचा अर्धा रजेवर, हे मला कोण सांगणार?

"हवन! हवन! केंद्राजवळ लौकर या!"

आदल्या दिवशी कडक उपास केलेली जत्रा ती! एक मावशी ताट घेऊनच आली. "हवन कुठी आहे जी? महाप्रसाद कधी वाढता?" तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे आख्खं गाव. बघता बघता रांग लागली, रांगेत भांडणंही लागली.

मनसारामभाऊ घाबरले. "मुश्ताकभाऊ, काय करून राह्यले तुम्ही? सुधरवा न!"

मी लगेच सुधारलं. "हवन नाही! हवन!"

"हवन नाई, तर हवन?" मनसारामभाऊंनी कपाळावर हात मारला.

पण मी काय कच्चा खेळाडू होतो? नावच गाळायचं! नुसतं सांगायचं की पत्नी इथे आहे. मी दणदणीत आवाजात पुकारलं, "हिरव्या साडीतली हत्नी इथे आहे! लय चिडून राह्यली आहे! लौकर घेऊन जा!"

आमच्या जिल्ह्याच्या जंगलात हल्ली खरे हत्ती फिरतात. इथे हत्तीण हा विनोदाचा विषय नाही. आणि ही तर चिडलेली! अर्धी जत्रा मोबाइल उंचावून आमच्याकडे धावली आणि अर्धी पोरंबाळं उचलून नदीकडे सरकायला लागली. साडीचं कोणी विचारलंच नाही! वनरक्षक काठी घेऊन धापा टाकत आला.

"कुठी आहे हत्तीण?"

मनसारामभाऊंची नजर चुकून दिव्यानीकडे गेली. ती ताडकन उठली. "मले हत्तीण म्हणून राह्यले?"

तिकडे नदीकाठी रेटारेटी सुरू झाली होती. कोणी पाण्यात गेलं तर? चेंगरलं तर? मी माइक मनसारामभाऊंच्या हातात कोंबला आणि दोन्ही हात जोडले.

त्यांनी माइक असा धरला जसा वल्हं. "ऐका बाप्पा! हत्तीण नाई! हवन नाई! मुश्ताकभाऊच्या दाढेचं रूट कॅनल झालं आहे! त्याच्या तोंडाची एक बाजू बंद आहे! जागेवर उभे राहा!"

गर्दी थबकली. आधी एक हसला, मग घाटापासून मंदिरापर्यंत सगळी जत्रा हसली. लोक वाचले. माझं काय वाचलं ते विचारू नका.

तेवढ्यात गर्दी फाडत एक तरुण आला. एक हात वर, हातात मोबाइल, व्हिडिओ चालू. "सरका, सरका! कुठी आहे हत्तीण?"

"हे काय," दिव्यानी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या समोरच उभी आहे! अन् तो फोन माझा आहे, पवनराव!"

लाजबीज सगळी वैनगंगेत! माइक अजून चालूच होता. पुढचं सगळं जत्रेनं अक्षर न् अक्षर ऐकलं. पवनरावांनी मान खाली घातली, आणि वनरक्षकही का कोण जाणे, त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्या खेपेला मी बिनबोभाट गेलो. निशातनं सुई दिली आणि बधिर होईपर्यंत बाहेर बसवलं. बाकावर सुजल्या गालाचा एक काका होता. त्याच्या दाढेचं दुखणं लवंगेनं थांबलं होतं म्हणे, आणि तो परत निघाला होता! मला राहवलं नाही. दुखणं थांबलं म्हणजे नस मेली, खरी गडबड तिथूनच, असं मी त्याला तळमळीनं समजावलं. जमेल तेवढ्या ओठानं.

काका माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. "आवाज ओळखीचा वाटते जी. तुम्ही ते हत्तीणवाले काय?"

"नाही," मी म्हणालो. नशीब, 'नाही' म्हणायला ओठ लागत नाहीत!