लुंबिनीच्या साली आणि बाबांचा सोडा

"पुढच्या वर्षी आपली स्कूटर केळीच्या सालींवर पळणार!" रेल्वेतून रिटायर झालेल्या आनंदराजांनी नांदेडच्या आपल्या गल्लीत हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की लोक त्यांना लांबून बघूनच रस्ता बदलायचे.

बढाई अगदीच पोकळ नव्हती. त्यांची लेक लुंबिनी एम.एस्सी. करत होती आणि अर्धापूरच्या एका वेफर्स कारखान्यातून साली आणून त्यांचं इंधन करायच्या खटपटीत होती. आधी साली कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, म्हणजे त्यांचे चिवट धागे सुटतात. मग ॲसिड घालून त्या सोड्याचा जोर मारायचा, यीस्ट टाकायचं आणि आंबलं की अल्कोहोल काढायचं.

कॉलेजच्या लॅबमध्ये रंगकाम निघालं, म्हणून सालींचा ड्रम आला घरच्या अंगणात. रविवारी कारखान्याचे मालक हणमंतराव बघायला येणार होते. त्यांना पटलं तर कारखान्यात जागा मिळणार, नाहीतर प्रोजेक्ट तिथंच आटोपला!

रविवारी सकाळी लुंबिनी आईला म्हणाली, "सोडा जरा कमीच पडला, पण चालंल."

आनंदराजांनी ते ऐकलं. पोरीचं काम आणि सोडा कमी? ते गुपचूप किराणा दुकानात गेले, खायच्या सोड्याची वीस पाकिटं आणली आणि ड्रममध्ये रिकामी करून काठीनं ढवळलं.

अकराला पांढऱ्याशुभ्र धोतरात हणमंतराव हजर!

लुंबिनीनं पाणी घातलेलं ॲसिड हळूच ओतलं. फुस्सस! ड्रम असा उतू गेला, जणू शंभर म्हशींचं दूध एकाच चुलीवर ठेवलंय. चपला तरंगल्या, अंगणातल्या कुंड्या बुडायच्या तेवढ्या राहिल्या! हणमंतराव गुडघाभर फेसात उभे.

"पोरी, हे इंधन हाय का दाढीचा साबण?"

लुंबिनी रडकुंडीला आली. "असं होऊच शकत न्हाई! कुणी काही टाकलं का ह्यात?"

तिची आई, महामाया, नवऱ्याकडं बघत म्हणाली, "अहो, तुमच्या खिशातून ही पाकिटं कशाची डोकावून राहिली?"

आनंदराजांनी खिशावर हात ठेवून लेकीकडं बघितलं. "तूच म्हणलीस ना, कमी पडला म्हणून... मला वाटलं, सोडा म्हणजे सोडा."

"बाबा, तो भज्यातला सोडा!" लुंबिनी ओरडली. पण बापाचा पडलेला चेहरा बघून भरल्या डोळ्यांनीच तिला हसू फुटलं.

हणमंतराव नळावर पाय धुऊन आले आणि म्हणाले, "माझी पोरगी बी शिकली. तिच्या वहीला मी कधी हात लावला न्हाई. हा बाप निदान सोडा घेऊन तरी धावला." त्यांनी धोतर पिळलं. "जा, जागा दिली. फकस्त ह्यांना गेटच्या आत येऊ द्यायचं न्हाई!"

संध्याकाळी शेजारच्या शेषेरावांनी विचारलं, "लेकीला जागा मिळाली म्हणे. तुम्हाला काय काम?"

आनंदराजांनी छाती फुगवली.

"मला? माझ्या नावाची खास पाटी लावून राहिलेत गेटवर!"