खांबाला चार वेढे

आमच्या शेजारचे साळवेकाका गाठ मारत नाहीत. कशालाच नाही. त्यांचं फाटक, गच्चीवरची ताडपत्री, कपडे वाळत घालायची दोरी, सगळं नुसत्या वेढ्यांवर टिकून आहे. गोल काही दिसलं की त्याभोवती दोर तीनदा फिरवायचा आणि उरलेलं टोक विटेखाली दाबायचं. गारखेड्यात आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम असते, ती या विटांमुळे.

"गाठ म्हंजी निव्वळ जिद, सर. बसली का सुटत नाय, अन् सुटली का सांगत नाय. वेढा इमानदार. तुम्ही जेवढं सोडाल तेवढंच तो सोडतो."

काकांनी उभा जन्म चितेगावकडच्या कारखान्यांत अवजड यंत्रं उतरवण्यात घालवला. या कामातल्या माणसांना खलाशी म्हणतात. काकांनी समुद्र पाहिलेला नाही.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो हे कळल्यापासून माझी काही खैर नव्हती. एकदा फाटकातच "जय भीम, सर" म्हणून त्यांनी अडवलं आणि विचारलं, "खांब जाडा असला तर दोर जास्त धरतो का?" मी म्हणालो, धरणारच, जागा जास्त मिळते ना! काका नुसते हसले. "वेढे मोजा, सर. जाडी नका मोजू." घरी येऊन पुस्तक उघडलं. सूत्रात जाडी नव्हतीच. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे 'एकच आवाज'. दोर धरणाऱ्याला खालचं ओझं दिसत नसतं, म्हणून त्यानं एकाच माणसाचं ऐकायचं. ओझं नीट टेकलं की तोच माणूस 'मोकळं' म्हणून ओरडणार, आणि ते कानावर पडल्याशिवाय दोर सोडायचा नाही. गल्लीत कुणी टेम्पो मागे घेत असला आणि चारजण सूचना द्यायला लागले, की काका घरातून गरजायचे, "एकच आवाज!" टेम्पोवाला घाबरून जागीच थांबायचा.

माझ्या आईला हा माणूस अजिबात सोसत नसे. ती त्यांना 'दोरवाला' म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात ऐन दुपारी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड गेलं होतं. रुग्णवाहिका आली, तिच्यासोबत दोन माणसं. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. जिना बाहेरून, सरळ, उभा आणि इतका अरुंद की पुढे एक, मागे एक, तिसऱ्याला जागा नाही. आईचं वजन नव्वदच्या वर. दोन पायऱ्या उतरल्या आणि पुढच्याचा पाय सटकला. आई किंचाळली. कसेबसे पुन्हा वर आले. त्यातला एक घाम पुसत म्हणाला, "सर, असं नाय जमणार. पडलो तर तिघं जाऊ."

तेवढ्यात न बोलावता साळवेकाका वर आले. खांद्यावर जाड सुती दोर. जिन्याच्या तोंडाशी आमच्या व्हरांड्याचा गोल खांब आहे. त्यावरून त्यांनी तळवा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ऑइल पेंट कुणी दिला?"

"मीच. दिवाळीत."

"तीन धरणार नाय." त्यांनी पुन्हा एकदा तळवा फिरवला. "चार धरील."

त्या 'धरील'मध्ये नेहमीची ऐट नव्हती. स्ट्रेचरच्या डोक्याकडच्या बाजूला त्यांनी दोर बांधला. होय, गाठ मारली, आणि तीनदा ओढून पाहिली. खांबाला चार वेढे घातले आणि मागे भिंतीला पाठ लावून बसले. तिथून जिना दिसत नाही.

"सर, आवाज तुमचा. दुसऱ्या कुणाचा नाय."

आई कण्हत म्हणाली, "मला त्या दोरवाल्याच्या हातात देऊ नका रे!"

"वहिनी, मी कुठं धरलंय? खांबानं धरलंय तुम्हाला."

"ढील!" जिन्याच्या वरच्या पायरीवरून मी ओरडलो. दोर खांबावर करकरला आणि वीतभर सरकला. "बास!" थांबला. खाली जमलेली गल्ली आपापल्या परीनं ओरडत होती, "सोडा, सोडा", "डावीकडं घ्या". काकांचा दोर हलला नाही. स्ट्रेचर निम्म्या जिन्यावर आलं आणि पुढचा माणूस घसरून बसलाच. सगळा भार दोरावर आला. ऑइल पेंटवरून दोर सर्रकन हातभर घसरला. माझा आवाजच फुटेना.

आणि दोर थांबला.

"सर! बोला!" खांबामागून काका ओरडले.

"बास," मी पुटपुटलो.

"बासच हाय. पुढं बोला."

आई खाली पोचली. रुग्णवाहिकेच्या माणसांनी स्ट्रेचरचा दोर सोडवला, तिला गाडीत घातलं, मी आणि बायको मागोमाग चढलो. भोंगा वाजला.

एक्स-रे झाला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. तीन तासांनी मी आईचं आधार कार्ड न्यायला घरी आलो, तर साळवेकाका तसेच बसलेले. खांबाला चार वेढे, टोक दोन्ही हातांत. दोराचं दुसरं टोक खाली पायरीवर पडलेलं.

"काका! अजून इथंच?"

"तुम्ही मोकळं म्हटलं नाय."

मी कपाळावर हात मारला. मग रागही आला. "अहो, भोंगा ऐकला नाही का? दोराला भार आहे का काही?"

"ऐकला की. मी काय येडा हाय का, सर?"

"मग?"

त्यांनी दोराकडे पाहिलं. तळवे लालभडक झाले होते. "आमची ही वारली, पोरगं पुण्याला. आता माझ्या घरी कुणी काय सांगाया येत नाय. म्हटलं, सर मोकळं म्हणायचं विसरले, म्हंजी येतील. इथं बसलं तर वहिनी कशा हायत, ते मलाबी कळंल."

मला लाज वाटली. दवाखान्यातून मी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन केले होते. हा माणूस माझ्या यादीतच नव्हता.

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसलो. कोणतं हाड मोडलं, डॉक्टर काय म्हणाले, आईनं नर्सला कसं झापलं, सगळं सांगितलं. ते दोर धरूनच ऐकत होते, मधेच "बरं, मग?" विचारत होते. आणि माझं सांगून पुरतं संपेपर्यंत मी 'मोकळं' म्हणालो नाही.